नागपूर ते आइंडहोवेन: दोन घरांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

माझ्या नवऱ्याची, निखिलची, नोकरीची ऑफर पक्की झाली. गाव आइंडहोवेन, नेदरलँड्सच्या दक्षिणेला. रुजू व्हायचं मे महिन्यात. कंपनी तिकडच्या इमिग्रेशन खात्याची मान्यताप्राप्त प्रायोजक आहे. त्यामुळे परवान्यांचे अर्ज कंपनी करेल, आम्ही कागद पुरवायचे.

आज बसून एवढं ठरलं: निखिल मे मध्ये एकटा जाईल आणि घर शोधेल. आमची लेक ओवी आणि मी ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे तिकडची शाळा उघडायच्या आधी.

मी मागे थांबण्याचं दुसरं कारणही आहे. त्रिमूर्तीनगरच्या या घरात आता मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि आई, म्हणजे सासूबाई, दोघंच राहणार. मामाजी ७३ चे, आई ६८ च्या. दोघंही हिंडतेफिरते आहेत, पण या घरातली निम्मी कामं आमच्या फोनवरून होतात: वीजबिल, गॅसचं बुकिंग, औषधं, डॉक्टरची वेळ. आम्ही निघालो की ती कामंही आमच्यासोबत निघून जातील. म्हणून या वहीत दोन बाजू ठेवतेय, ‘तिकडचं’ आणि ‘इकडचं’. तिकडचं घर लागलं आणि इकडचं आमच्यावाचून सुरळीत चाललं, तरच शिफ्टिंग झालं असं मी मानेन.

२१ जानेवारी, मंगळवार

कागदांची यादी: तिघांचे जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, पदव्या. जन्म-लग्नाच्या दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागते. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे वकिलातीत वेगळ्या खेपा नाहीत.

मनपाचे नवे दाखले मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात. डच नगरपालिका इंग्रजीतले कागद चालवते, म्हणून भाषांतराचा खर्च वाचला.

अडलं ते माझ्या जन्मदाखल्यावर. तारीख आहे, आईवडिलांची नावं आहेत, बाळाच्या नावाची जागा रिकामी. आमच्या पिढीत हे घरोघरी आहे, कारण नोंद दवाखान्यातून व्हायची आणि बारसं नंतर. नाव समाविष्ट करायचा अर्ज केला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडला. परदेशी जायचा विचारही नसेल, तरी प्रत्येकानं आपला जन्मदाखला एकदा उघडून बघावा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नाव चढलं. लग्नाचं प्रमाणपत्र झोन कार्यालयातून नवं काढलं. त्यावरचं माझं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, कारण ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’ एवढा फरकसुद्धा पुढे अडतो.

आता राज्य शासनाचं साक्षांकन मुंबईत, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल. मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये आहे, बाकी खर्च कागद नेणाऱ्या-आणणाऱ्या एजन्सीचा. कागद पाठवण्याआधी प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवले.

९ मार्च, रविवार

पैशाचा दिवस.

कामासाठी परदेशी राहायला गेलेल्या माणसाचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. निखिलचं खातं तसं होईल. त्यात मामाजींना जोडखातेदार करायचं ठरलं, ‘हयात खातेदार’ या अटीवर. म्हणजे निखिल असेपर्यंत व्यवहार त्याचेच, पण इथली बिलं भरायला मामाजींना वेगळं अधिकारपत्र देता येतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहील, पुढे वाढवता येणार नाही, नवं उघडता येणार नाही. सोनं लॉकरमध्येच राहणार, मी फक्त रोजचं मंगळसूत्र आणि कानातलं नेणार.

मुखत्यारपत्र नणंदेच्या नावानं. ती मनीषनगरला राहते, म्हणजे नागपुरातच. वकिलांनी सर्वसाधारण मुखत्यारपत्र नको म्हणून सांगितलं आणि मला ते पटलं. घराचा कर, पाण्याचं आणि विजेचं बिल, सोसायटी, बँकेतली ठरावीक कामं, एवढंच नाव घेऊन लिहिलं. घर विकण्याचा अधिकार त्यात नाही. नणंदेनंही तेच सुचवलं होतं, “वहिनी, जेवढं काम तेवढाच कागद.”

३० मार्च, गुढीपाडवा

आज काम नाही. गुढी उभारली, श्रीखंड झालं. मामाजींनी ओवीला नकाशावर नेदरलँड्स दाखवलं, तर ती म्हणाली, “आजोबा, हे तर आपल्या जिल्ह्याएवढं आहे.” मग आजोबा-नात दोघांनी मिळून क्षेत्रफळं शोधली. महाराष्ट्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर, नेदरलँड्स साधारण ४१ हजार.

२० एप्रिल, रविवार

इकडचं. कूलर उतरवला. दरवर्षी हे काम निखिल करतो: टाकी घासणं, ताट्या बदलणं, पंप चालवून बघणं, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडचे नट आवळणं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे कूलर बंद पडणं ही म्हाताऱ्या माणसांसाठी दवाखान्याची वेळ. यंदा निखिलनं हात लावला नाही. कोपऱ्यावरच्या कूलरवाल्या दादाला बोलावलं, सगळं त्याच्याकडून आणि मामाजींसमोर करून घेतलं. पुढच्या वर्षीपासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो स्वतः येईल. त्याचा नंबर मामाजींच्या फोनमध्ये, आईंच्या फोनमध्ये आणि फ्रीजवर.

आयुष्मान वय वंदना कार्डही मामाजींचं झालं. २९ ऑक्टोबर २०२४ ला ही योजना सुरू झाली. ७० च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आईंना अजून वय कमी पडतं, त्यांची जुनी पॉलिसी चालू ठेवली.

धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात मामाजी जातात तिथे कोणतं कार्ड चालतं, कोणतं नाही, हे मी स्वतः काउंटरवर जाऊन विचारून आले. फोनवर विचारलं होतं, पण समोर गेल्यावर वेगळं उत्तर मिळालं. असे प्रश्न समोर जाऊनच विचारायचे.

६ मे, मंगळवार

निखिल गेला. नागपूरहून मुंबई, मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, पुढे रेल्वेनं आइंडहोवेन.

२५ मे, रविवार

घर मिळालं! नोंद सविस्तर करते, कारण जाणाऱ्याला याची कल्पना नसते.

तिकडे भाड्याची घरं तीन प्रकारची. एक फर्निचरसकट. दुसरं, फरशीवरचं आवरण, पडदे आणि दिवे असलेलं. तिसरं अगदी कोरं, म्हणजे जमिनीवर उघडं सिमेंट, आणि छताला दिव्याच्या जागी लोंबणाऱ्या वायरी. आपल्याकडे ‘रिकामा फ्लॅट’ म्हटलं तरी टाइल्स आणि पंखे धरलेले असतात. तिकडे आधीचा भाडेकरू लॅमिनेटसुद्धा उचलून नेतो, कारण ते त्यानं स्वतःच्या पैशानं टाकलेलं असतं. निखिलनं कोरं घर घेतलं, ते स्वस्त पडतं. जाणाऱ्या कुटुंबाकडून त्यांचं लॅमिनेट आणि पडदे ठरावीक रकमेला तसेच ठेवून घेतले. असे सौदे तिकडे सर्रास होतात.

अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, जुलै २०२३ पासून तसा कायदाच आहे. जुलै २०२४ पासून नवे करार शक्यतो बिनमुदतीचे असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येते की नाही, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यायचं. नोंदणी नाही तर नागरिक सेवा क्रमांक नाही, आणि त्या नऊ आकड्यांवाचून पगार, बँक, विमा, शाळा काहीच पुढे सरकत नाही. स्वस्त म्हणून आलेल्या दोन घरांवर निखिलनं याच कारणानं पाणी सोडलं.

घर नव्या इमारतीत आहे, म्हणून स्वयंपाकाचा गॅस नाही. जुलै २०१८ पासून नव्या घरांना तिकडे गॅसची जोडणीच देत नाहीत. इंडक्शन आहे. म्हणजे इथली भांडी आता तपासावी लागतील.

१४ जून, शनिवार

इतवारीत गेलो, आई आणि मी. पर्समध्ये फ्रीजवरचं संत्र्याचं चुंबक. ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटेल तेच इंडक्शनवर तापणार, हा सगळ्यात सोपा कस. घरची भांडी सकाळीच तपासली होती. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बाद. पितळेचं पातेलं बाद. स्टीलच्या कढईला चुंबक लागेचना. स्टील स्टीलमध्ये फरक असतो, भारी प्रतीचं बरंचसं स्टील चुंबक धरत नाही. आईंनी शेवटी त्यांचा बिडाचा तवा पुढे केला. त्यांच्या सासूबाईंचा, काळा कुळकुळीत, कडेला एक टवका उडालेला. चुंबक टक्कन बसलं. आई नुसत्या हसल्या आणि तवा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

दुकानदार मोठा धीराचा. आम्ही एकेक कुकर उलटा करून चुंबक लावतोय आणि तो उचलून उचलून देतोय. “लावा जी, लावून पाहा, मी कुठं नाही म्हणून राहिलो?” शेवटी जाड बुडाचा पाच लिटरचा स्टीलचा कुकर, एक सपाट बुडाची कढई आणि दोन पातेली घेतली. कुकरचं रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन-दोन जास्तीचे.

मिक्सर नेणार. वीज तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच आहे, फक्त पिन वेगळी. इलेक्ट्रिशियनकडून पिन बदलून घ्यायची, अ‍ॅडॉप्टरवर मिक्सर फिरवायचा नाही.

२९ जून, रविवार

समुद्रमार्गे जाणारं सामान आज उचललं.

युरोपीय संघात राहायला जाणाऱ्याला घरसामान विनाशुल्क नेता येतं, पण अटी आहेत. आधीचे सलग १२ महिने संघाबाहेर राहिलेले असावेत. वस्तू किमान सहा महिने स्वतःच्या मालकीच्या आणि वापरातल्या असाव्यात. सामान तिकडे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत न्यावं. आणि आणल्यावर १२ महिने ते विकता किंवा भाड्यानं देता येत नाही. याचा सरळ अर्थ, इतवारीतली नवी भांडी या खोक्यांत जाऊ शकत नाहीत, ती आमच्यासोबत विमानानं येतील. विमानानं येणाऱ्या प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्या नव्या वस्तूंवर शुल्क नाही, त्यात ती आरामात बसतात.

यादी खोकेवार केली. मराठीत माझ्यासाठी, इंग्रजीत कस्टम्ससाठी, प्रत्येक ओळीपुढे अंदाजे किंमत आणि ‘वापरलेलं’ ही नोंद. काय गेलं: पुस्तकं, गाद्यांऐवजी दोन गोधड्या, जुनी स्टीलची ताटं-वाट्या, ओवीची चित्रांची पेटी, निखिलचा तबला-डग्गा. काय राहिलं: सगळं फर्निचर. भागीदारीतल्या कंटेनरमध्ये भाडं वजनावर नाही तर घनफळावर लागतं, म्हणून पोकळ वस्तू नेण्यात अर्थ नाही. पुस्तकं नेण्यात आहे.

पॅकर्सच्या माणसाला लाकडी पेट्यांबद्दल मुद्दाम विचारलं. कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का नसेल तर ती युरोपात अडते. त्यानं शिक्का दाखवला. २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालतात, त्यामुळे माल पोचायला ऑक्टोबर उजाडेल म्हणाला. मग रजया, स्वेटर आणि ओवीची पुस्तकं खोक्यांतून परत काढली.

५ जुलै, शनिवार

मुंबईला जाऊन व्हिसाचं झालं. प्रवेशाचा स्टिकर ९० दिवस चालतो. ओवीची टीसी हातात आहे.

१३ जुलै, रविवार

खाण्याचं. नातेवाईक यादी घेऊन यायला लागले आहेत आणि सगळ्यांना तेच तेच समजवावं लागतंय, म्हणून एकदाच लिहून भिंतीला लावलं.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशानं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत. संत्रा बर्फी खव्याची, ती नाही. पेढे नाहीत, तूप नाही. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच त्यातून सूट आहे, संत्र्याला नाही. कढीपत्त्याच्या काड्या आणि तुळशीचं रोपही नाही.

आईंना तुळशीचं फार लागलं. त्यांनी कुंडीतली एक फांदी माझ्यासाठी ओल्या फडक्यात ठेवली होती. मी त्यांना कारण सांगितलं: एका पानासोबत गेलेली कीड तिकडच्या बागा खाऊ शकते, आणि आपल्याकडच्या संत्रा बागायतदारांनाही बाहेरची कीड नकोच असते. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मग इथंच लावते. तुझ्या नावानं एक कुंडी वेगळी.”

काय जातं: वाळलेले मसाले, डाळी, पोहे, पापड. भिवापूरच्या मिरचीचं तिखट आणि वायगावची हळद, दोन्हींना २०१६ ला जीआय मानांकन मिळालं आहे आणि दोन्हींची सर दुसऱ्या कशाला नाही. सावजी मसाला मस्कासाथेतून भाजून-दळून आणला. तिहेरी पिशवीत बांधला, तरी बॅग उघडली की घरभर वास येतोय. पाटवडीसाठी बेसन तिकडेही मिळतं, निखिलनं बघून ठेवलंय.

२० जुलै, रविवार

या वहीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी: तालीम. ओवी आणि मी आठवडाभर माहेरी, अमरावतीला. मामाजी आणि आईंनी घर एकट्यानं चालवायचं, अगदी आम्ही परदेशी असल्यासारखं. फोन रोज एकदाच, रात्री साडेआठला. मधे काही अडलं तर नणंदेला किंवा समोरच्या काकूंना सांगायचं, मला नाही. मामाजी शाळामास्तर होते, त्यांना ही परीक्षेची कल्पना फार आवडली. आईंना नाही. “एवढं काय लिहून राहिली गं? आम्ही काय लेकरं आहोत?”

मी म्हटलं, “आई, तपासायचं आहे ते आम्ही बसवलेलं सगळं. तुम्ही नाही.”

२७ जुलै, रविवार

तालमीत निघालेलं:

सिलिंडर आला तेव्हा डिलिव्हरीवाल्यानं कोड मागितला. कोड निखिलच्या मोबाइलवर गेला होता, आणि तो नंबर आता आइंडहोवेनमध्ये, तेही रोमिंग बंद. सिलिंडर परत गेला. समोरच्या काकूंनी त्यांचा जास्तीचा दिला म्हणून स्वयंपाक झाला. कनेक्शनवर मामाजींचा नंबर टाकून घेतला. मग त्याच दिवशी बसून निखिलचा नंबर आणखी कुठे कुठे लावलेला आहे ते शोधलं: वीजबिल, पाणी, मालमत्ता कर, आईंचं आधार, दोन बँका, औषधांचं अ‍ॅप. एकेक बदलत गेले. परदेशी जाणाऱ्या मुलाचा नंबर घरातल्या किती कुलपांची किल्ली असतो, ते असं समोर आल्याशिवाय कळत नाही.

औषधवाल्यानं रक्तदाबाची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. औषध तेच, रंग वेगळा. मामाजींना वाटलं नवी आहे, म्हणून त्यांनी जुन्या पट्टीतलीही घेतली. डॉक्टरांना फोन केला, काही झालं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. आता डब्यावर कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव ठळक मराठीत लिहिलं आहे, आणि दुकानदाराला सांगितलंय की कंपनी बदलली तर पट्टी देताना बोलून सांगायचं.

रात्री-अपरात्री काही झालं तर: पहिला फोन १०८, दुसरा समोरच्या काकूंना, तिसरा नणंदेला. आम्हाला चौथा. हा क्रम मामाजींना पटेना. “निखिलले आधी सांगाव लागन ना.” निखिल स्वतः फोनवर त्यांच्याशी बोलला: “बाबा, मी आठ तासांवर आहे, काकू आठ पावलांवर आहेत.” तेव्हा कुठे त्यांनी कागदावर सही केली. काकूंकडे घराची एक किल्ली दिली.

आणि चांगलं निघालेलं: आईंनी व्हिडिओ कॉल स्वतः लावला. मामाजींनी वीजबिल स्वतः भरलं आणि पावतीचा फोटो मला पाठवला. घर चालतंय.

३ ऑगस्ट, रविवार

निघालो.

८ ऑगस्ट, शुक्रवार, आइंडहोवेन

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यानं पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते. आज झाली. अपोस्टिल लावलेले जन्मदाखले आणि लग्नाचं प्रमाणपत्र कारकून बाईंनी एकेक करून पाहिले, शिक्क्याचे क्रमांक तपासले, काही विचारलं नाही. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नाव होतं. फेब्रुवारीतल्या सगळ्या खेपा वसूल झाल्या.

माझ्या परवान्यावर काम करायची मोकळीक आहे, वेगळी परवानगी नको. आधी ओवीची शाळा लागू दे.

नोंदणी झाली म्हणून घरसामानाच्या परवानगीचा अर्जही आता कस्टम्सकडे गेला.

१८ ऑगस्ट, सोमवार

शाळा सुरू. मूल पाच वर्षांचं झालं की शाळा सक्तीची आहे. ओवीला डच येत नाही, म्हणून तिला आधी नव्यानं आलेल्या मुलांच्या वर्गात घातलंय. तिथे भाषा शिकवतात, मग नेहमीच्या शाळेत पाठवतात. वर्गात सीरियाची, तुर्कस्तानची, युक्रेनची मुलं आहेत. ओवीच्या शेजारी बसलेल्या मुलीला आणि ओवीला एकमेकींचा एक शब्द येत नाही, तरी दोघी दिवसभर चित्रं काढत होत्या.

डबा थंडच खातात, गरम करायची सोय नाही. मुलं ब्रेड-चीज आणतात. ओवीला तिखट पोळी गुंडाळून दिली, ती चालली.

सायकल घ्यावी लागली तिघांना. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा नसेल तर दंड होतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज तान्हा पोळा. नागपुरात आज मारबती, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी आणि पिवळी, १८८० च्या दशकापासून. मामाजींनी ओवीला दरवर्षी खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवली आहे. या वेळी त्यांनी गर्दीत उभं राहून फोनवर दाखवली. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण पिवळी मारबत वळणावरून येताना दिसली आणि ओवी ओरडली.

लाकडी नंदी आम्ही हातातल्या बॅगेत आणला होता. रंगवलेलं, तयार खेळणं आहे, कुणी अडवलं नाही. त्याला झूल घातली, कपाळाला गुलाल लावला आणि ओवी तो ओढत इमारतीतल्या दोन मराठी घरांत गेली. बोजारा मिळाला, युरोची नाणी. एक बिऱ्हाड लातूरचं आहे, त्यांना ही पद्धत माहीत नव्हती. त्यांनी विचारून घेतली. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलासाठीही नंदी आणायचा ठरलं.

१४ सप्टेंबर, रविवार

तब्येतीची व्यवस्था. आरोग्यविमा सक्तीचा, चार महिन्यांत घ्यायचा, हप्ता मात्र मागच्या तारखेपासून लागतो. म्हणून थांबण्यात फायदा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात, पण फॅमिली डॉक्टरकडे जाण्याला ते लागू नाहीत.

नागपुरात पोट दुखलं की आपण सरळ रामदासपेठेत तज्ज्ञाकडे जातो, त्याच दिवशी सोनोग्राफी होते. इथे आधी फॅमिली डॉक्टर, आणि त्यांनी चिठ्ठी दिली तरच तज्ज्ञ. ओवीला ताप आला तेव्हा त्यांनी पॅरासिटामोल आणि पाणी सांगितलं, तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर या म्हणाले. ती बरी झाली. मला रुळायला वेळ लागेल, पण अँटिबायोटिक जपून वापरण्याची त्यांची शिस्त योग्य आहे असं माझं मत झालंय.

भारतातून आलेल्यांना परवान्यानंतर तीन महिन्यांत क्षयाची तपासणी करावी लागते. माझा एक्स-रे झाला. ओवीचं लसीकरणाचं कार्ड फार कामी आलं, नर्सनं त्यावरून इथल्या वेळापत्रकाशी जुळवणी करून दिली.

१२ ऑक्टोबर, रविवार

खोकी आली. परवानगी आधीच हातात होती, शुल्क लागलं नाही. डग्ग्याची शाई उडाली, बाकी सगळं नीट.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं आज एक तास मागे गेली. नागपूरशी अंतर साडेतीन तासांचं होतं, ते साडेचार झालं. वाटतं तेवढी ही बारीक गोष्ट नाही. नागपूरचे रात्री साडेआठ म्हणजे आतापर्यंत इथले पाच, निखिलही घरी पोचायचा. आता ते इथले चार. इथले पाच धरावे तर तिकडे साडेनऊ वाजतात आणि आई अंथरुणाला पाठ टेकतात.

म्हणून हिवाळ्यापुरता फोन सकाळी हलवला: इथले सव्वासात, तिकडचे पावणेबारा. आईंचा स्वयंपाक होऊन गेलेला असतो, मामाजी पेपर वाचून मोकळे, ओवी दूध पीत असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा संध्याकाळी. दोन्ही घरांच्या फ्रीजवर नवं वेळापत्रक लावलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मामाजींचा हयातीचा दाखला झाला. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी द्यावा लागतो, दरवर्षी निखिल त्यांना स्कूटरवर बँकेत न्यायचा. आता तो फोनवर चेहरा दाखवूनही होतो. जूनमध्येच आम्ही त्यासाठी लागणारी दोन्ही अ‍ॅप टाकून, आधार जोडून, चेहरा ओळखतो का ते पाहून ठेवलं होतं. आज त्यांनी खिडकीजवळ उजेडात बसून, चष्मा काढून, स्वतः केलं. पोचपावती आली ती मला पाठवली आणि खाली लिहिलं: ‘समोरच्या काकांचाही करून दिला.’

२३ नोव्हेंबर, रविवार

वहीतल्या ‘इकडचं’ या बाजूला आता नवं काम. मामाजी आणि आईंना उन्हाळ्यात इथे आणायचं. एप्रिलच्या मध्याला निघाले तर मे महिन्याचं ऊन टळतं. अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणजे जुलैच्या मध्याआधी परत. प्रत्येकी किमान ३० हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. आम्ही हमी घेतो असा छापील फॉर्म निखिलनं भरायचा, आणि त्याची सही नगरपालिकेत कायदेशीर करून घ्यायची.

मामाजी तयार. आईंची एकच अट: जूनमध्ये कैरीचं लोणचं घालायला त्या नागपुरातच हव्यात, लोणचं त्यांनी आजवर कुणावर सोडलेलं नाही. म्हणून मुक्काम ९० ऐवजी ५० दिवसांचा धरला. एप्रिलच्या १५ ला निघणं, जूनच्या ४ ला परत. कूलरवाल्या दादाला कळवायचं की येत्या वर्षी मार्चऐवजी मेच्या शेवटी यावं, आणि काकूंना तुळशीच्या दोन्ही कुंड्यांना पाणी घालायचं सांगायचं.

नगरपालिकेची वेळ मंगळवारी सकाळी नऊची मिळाली आहे.